सिच्वानची पंगत

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘शेजवान’ हा शब्द उच्चारतांच लसणीची लालभडक चटणी डोळ्यांपुढें उभी राहते. नांव आहे चीनच्या नैर्ऋत्येकडील सिच्वान प्रांताचें. चटणी मात्र भारतांतच जन्मलेली आहे. ती रुचकर नाहीं असें कोण म्हणेल? परंतु तीवरून सिच्वानच्या भोजनाची कल्पना बांधणें म्हणजे ठेच्यावरून साऱ्या महाराष्ट्राच्या पंगतीची परीक्षा करणें होय.

सिच्वानची राजधानी चेंगडू. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत ली बिंग या अधिकाऱ्यानें मिन नदीचें पाणी कालव्यांनीं सभोंवारच्या मैदानावर खेळविलें. ती योजना अद्यापि शेतें भिजवीत आहे. अशा सुपीक भूमींत पाककला बहरली यांत नवल नाहीं. युनेस्कोनें २०१० सालीं या शहरास पाककलेचें नगर म्हणून मान दिला.

तेथील भोजनगृहांत पाहुणे बहुधा गोल मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यांत भाताची वाटी व दोन काड्या. पदार्थ मध्यभागीं मांडलेले, आणि ज्यानें त्यानें थोडें थोडें घ्यावयाचें. यजमान चांगला घास निवडून पाहुण्याच्या वाटींत घालतो. आपल्याकडील आग्रहाचाच हा प्रकार. काड्या भातांत उभ्या खोंचून ठेवणें मात्र अशुभ, कारण मृतांपुढें उदबत्त्या तशाच लावतात.

या प्रांताचा सर्वांत प्रसिद्ध पदार्थ ‘मापो तोफू’. चेंगडूंतील एका पुलाजवळ १८६२ सालीं चेन कुटुंबानें काढलेल्या खाणावळींत तो निघाला असें सांगतात. रांधणाऱ्या बाईच्या तोंडावर देवीचे वण होते, म्हणून लोकांनीं पदार्थालाही तेंच नांव दिलें. तोफू म्हणजे सोयाबीनचें दूध साखळवून केलेली मऊ वडी. तिच्या रश्शाचा प्राण दोन वस्तूंत आहे. एक, वालासारखें मोठें कडधान्य व मिरची मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवून केलेलें लाल वाटण. दुसरी, ‘ह्वाज्याव’ नांवाचीं बारीक सुकीं फळें.

मिरची अमेरिकेंतून आलेली. चिनी ग्रंथांत तिचा उल्लेख १५९१ सालचा सांपडतो. ह्वाज्याव हा मात्र त्या भूमीचा प्राचीन मसाला. तो तिखट नाहीं. तो जिभेला व ओठांना मुंग्या आणतो. लंडन येथील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, ओठांना होणारा हा भास सेकंदाला सुमारें ५० कंपनांसारखा असतो. शेजवान चटणींत बहुधा हाच मसाला नसतो. गंमत अशी कीं, त्याचा सख्खा आप्त कोंकण-गोमंतकांतील स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे. बांगड्याच्या कालवणांतील तिरफळ तें हेंच! दोन्ही झाडें एकाच प्रजातींतील. दोहोंचें बीं टाकून साल वापरतात. ज्या गृहिणीनें तिरफळ चाखलें आहे, तिला ह्वाज्याव अगदींच परका वाटावयाचा नाहीं.

तथापि सारें भोजन झणझणीत असतें ही समजूतही चुकीची आहे. वाळल्या मिरच्यांच्या ढिगांत कोंबडीचे तुकडे येतात, तेव्हां नवखा घाबरतो. पण त्या मिरच्या खावयाच्या नसतात, काड्यांनीं बाजूस सारावयाच्या असतात. धुरी दिलेलें बदक सौम्य असतें. ‘उकळत्या पाण्यांतील कोबी’ हा तर मेजवानीचा पदार्थ. दिसावयास निव्वळ पाणी, पण तो कोंबडी व डुकराचें मांस तासन्‌तास शिजवून, गाळून गाळून निवळ केलेला रस असतो. उलट ‘मत्स्यगंधी वांगीं’ यांत मासळीचा अंशही नसतो. मासळीसाठीं वापरावयाचें आलें, लसूण व मुरलेल्या मिरचीचें वाटण मात्र असतें. शाकाहारी मनुष्यानें म्हणून नांवावर विसंबूं नये. मापो तोफूंतही मांसाचा खिमा बहुधा असतोच. आधीं स्पष्ट विचारावें.

चौघांनीं जावें, एक झणझणीत, एक सौम्य, एक आंबटगोड व एक हिरवी भाजी असे पदार्थ मागवावे, आणि प्रत्येक घासानंतर भात घ्यावा. प्रत्येक पदार्थाची चव निराळी असावी, हाच तेथील आचाऱ्यांचा अभिमान. एका चटणीच्या बाटलींत तो मावणें शक्य नाहीं.