बंदूक घरात आणण्यापूर्वी



भात पोटरीला आला, भुईमूग पोसू लागला की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात. एका रात्रीत उकरलेले वावर पाहिले की कोणाचेही डोके फिरते, आणि ‘परवाना काढून बंदूकच घेऊ’ अशी भाषा घरात सुरू होते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहेच. परंतु बैल घेताना आपण दात, खूर, चाल पाहतो. मग बंदूक घेताना त्याहून अधिक पाहावयास हवे.

फायदा काय? बाराच्या आवाजाने कळप उधळतो, राखणदाराला धीर येतो, आडवस्तीच्या घराला आधार वाटतो. मात्र उधळलेला कळप शेजाऱ्याच्या शेतात शिरतो आणि चार दिवसांनी परततो. शिवाय परवाना म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर संरक्षित आहे. त्यास मारण्यास अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

आता धोका पाहा. बंदूक रानात रात्री दोन तास असते. उरलेला वेळ ती घरात असते. घरात लहान मुले असतात, बांधावरून भाऊबंदकीची भांडणे असतात, कोणास दारूचे व्यसन असते. नापिकीने आणि कर्जाने खचलेला माणूसही घरातच असतो. अशा वेळी हाताशी हत्यार नसले, तर रागाचा किंवा निराशेचा तो क्षण निघून जातो. रानातही अंधारात नुसत्या हालचालीवर बार काढल्याने माणसे दगावली आहेत.

तरीही बंदूक घ्यावयाचीच असल्यास पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बंदूक नेहमी रिकामी करून कुलपात ठेवावी. दारू व छर्रे वेगळ्या कुलपात, चुलीपासून दूर ठेवावेत. किल्ली कर्त्या माणसाकडेच असावी.

२. भरलेली बंदूक घरात आणू नये. जनावर स्पष्ट दिसल्याशिवाय व पलीकडे माणूस नाही याची खात्री झाल्याशिवाय घोड्यास बोट लावू नये.

३. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. परवानाधारक वारल्यास वारसांनी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावी.

४. घरात व्यसन, तंटा वा मनाने खचलेले कोणी असेल, तर बंदूक आणूच नये. असलेली जमा करावी.

बंदुकीवाचून चालते का, हेही पाहावे. चार-पाच जणांनी मिळून केलेले सौरकुंपण, आळीपाळीने राखण व मचाण यांनी बरेच नुकसान टळते. कुंपणात घरगुती विजेचा प्रवाह मात्र कदापि सोडू नये. त्याने माणसे व गुरे मरतात. पीक गेलेच तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, नुकसानभरपाई मिळते.

अर्जावर सही करण्यापूर्वी घरातील बायामाणसांचे मतही जरूर घ्यावे. घरात कोणाचा स्वभाव कसा आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? गेलेले पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे करता येते.