जिताड्याच्या पिल्लांना सोयाबीन तेल का पुरत नाही?

दिवाळीत वाशिमला घरी गेलो होतो. आमच्याकडे सगळी सोयाबीनचीच शेती. माझा पीएचडीचा विषय ऐकून बाबांनी विचारलं, "आपल्या सोयाबीनचं तेल नाही चालत का मासोयाईले?" प्रश्न साधा वाटतो, पण माझा अर्धा थिसिस त्यातच आहे. म्हणून आजची पोस्ट.

आधी थोडं रसायन

काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच घ्यावी लागतात. ही 'आवश्यक मेदाम्ले'. बर दांपत्याने १९२९-३० मध्ये उंदरांवर प्रयोग करून ही कल्पना मांडली. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं आणि साधारण ७-८ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एएलए). आपल्या जवसात एएलए याहून कितीतरी जास्त. ही दोन्ही १८ कार्बनची.

माशाला खरी गरज असते ती लांब साखळीच्या मेदाम्लांची: ईपीए (२० कार्बन, ५ दुहेरी बंध) आणि डीएचए (२२ कार्बन, ६ दुहेरी बंध). एएलएपासून ही बनवायची तर काही एन्झाइम साखळी लांबवतात, काही दुहेरी बंध वाढवतात. रोहू-कटलासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांना हे बऱ्यापैकी जमतं. बहुतेक समुद्री माशांत मात्र ही साखळी कुठेतरी तुटलेली किंवा फार मंद असते. समुद्रात सूक्ष्म शैवालांपासून सुरू होणाऱ्या अन्नसाखळीतून डीएचए आयतं मिळतं, म्हणून ते बनवण्याची क्षमता टिकली नसावी, असं मानतात. अपवाद आहेत: २०१० मध्ये एका सिगॅनस जातीत थेट डीएचए बनवणारं एन्झाइम सापडलं.

पिल्लांचंच एवढं का?

रायगडकरांचा आवडता जिताडा अंड्यातून निघतो तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो. दोन-तीन दिवसांत पिवळ्या बलकाची शिदोरी संपत येते आणि त्याला शिकार करावी लागते. त्याच दिवसांत मेंदू आणि डोळ्याचं दृष्टिपटल झपाट्याने वाढत असतं आणि दोन्हींच्या पेशीपटलांना डीएचए भरपूर लागतं. ते कमी पडलं तर पिल्लाला भक्ष्य नीट दिसत नाही, वाढ खुंटते, आणि हाताळणीचा ताण आला की मर होते.

हॅचरीत या पिल्लांना आधी रोटिफर आणि मग आर्टेमिया देतात. अडचण अशी की आर्टेमियात डीएचए जवळपास नसतंच. म्हणून आधी तिलाच डीएचएयुक्त तेलाचं इमल्शन किंवा शैवाल खाऊ घालतात. याला एनरिचमेंट म्हणतात. एका अर्थी आर्टेमिया म्हणजे जिवंत कॅप्सूल!

माझी चूक

पहिल्या प्रयोगात मी इमल्शनमधलं डीएचए मोजलं आणि निर्धास्त झालो. सकाळी एनरिच केलेली आर्टेमिया संध्याकाळपर्यंत तशीच वापरली. दोन्ही गटांत फरकच दिसेना! गाईडनी एकच प्रश्न विचारला: "पिल्लांनी प्रत्यक्ष खाल्लं काय?" उपाशी आर्टेमिया स्वतःच डीएचए वापरते, त्यातलं काही परत ईपीएत बदलते. माझ्या कागदावरचा 'जास्त डीएचए' गट टाकीत कदाचित तसा नव्हताच. अख्खी बॅच गेली.

तुम्ही प्रयोग आखत असाल तर हे लक्षात ठेवा:

१. मेदाम्लांचं विश्लेषण टाकीत पडणाऱ्या खाद्याचं करा, बाटलीतल्या तेलाचं नाही.
२. फक्त टक्केवारी देऊ नका. कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे किती मिलिग्रॅम, तेही द्या.
३. डीएचए, ईपीए आणि अॅराकिडॉनिक आम्ल एकमेकांशी स्पर्धा करतात. एक वाढवताना बाकीच्यांचं प्रमाण बघा.
४. तुमचं एकक टाकी आहे, पिल्लू नाही. एका टाकीतली शंभर पिल्लं मोजली तरी एन एकच.

बाबांना शेवटी सांगितलं, "तेल चालतं, ऊर्जा मिळते त्यातून. पण डोळे अन् मेंदू बनवायला ते पुरत नाही." ते म्हणाले, "म्हणजे पोट भरते, पण अंगी नाही लागत." माझ्या सिनॉप्सिसपेक्षा हे सोपं आहे!

जाता जाता एक प्रश्न: जिताड्याऐवजी रोहूची पिल्लं असती, तर यातला कोणता भाग बदलावा लागला असता? कमेंटमध्ये लिहा.