जन्मतारखेचा डाव

क्रिकेटच्या नोंदणी अर्जावर सही पालकांची असते. त्या सहीचे परिणाम मात्र मुलांना भोगावे लागतात.

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की गावोगावच्या मैदानांवर नेट्स लागतात. मुलगा हट्ट धरतो, आता काही घरांतून मुलगीही धरते, आणि आईवडील खर्चाला तयार होतात. बॅट, पॅड, हेल्मेट, पांढरे कपडे, प्रशिक्षकांची फी, जाण्यायेण्याचे भाडे! या सगळ्याचा हिशेब घरात पैपैचा होतो. पण ज्या कागदावर मुलाचे क्रिकेट उभे राहणार असते, तो कागद मात्र बहुधा मैदानाच्या कट्ट्यावर बसून, कुणाच्या तरी पाठीवर टेकवून घाईघाईने भरला जातो. हा कागद म्हणजे खेळाडू नोंदणीचा अर्ज.

नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा आणि क्लब. रकाने एवढेच. याच वेळी कुणीतरी अनुभवी गृहस्थ कानाशी लागतात, ‘‘दोन वर्षं कमी लावा हो! सगळेच लावतात. मुलगा अंगानं लहान दिसतो, कोण विचारणार?’’ दुसरे सांगतात, ‘‘पत्ता मामाचा द्या, तिकडे निवड सोपी आहे.’’ सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट असतोच असे नाही. पण हा सल्ला ऐकण्यापूर्वी ते रकाने कशासाठी आहेत, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

नियम आले कुठून?

हौशी खेळात एवढी कागदपत्रे कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर फार जुने आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात नामांकित खेळाडू एकाच मोसमात दोन दोन कौंटी संघांतून खेळत. मग हा संघ कोणाचा आणि तो खेळाडू कोणाचा, याला काही अर्थच उरेना. अखेर १८७३ मध्ये कौंटी संघांनी ठरवले, की खेळाडूने एका मोसमात एकाच कौंटीकडून खेळावे. आणि ती कौंटी त्याच्या जन्माची असावी किंवा काही काळ राहण्याची तरी. जन्म, वास्तव्य आणि एका मोसमात एकच संघ ही तिन्ही सूत्रे आजही जगभरच्या लीग क्रिकेटमध्ये टिकून आहेत.

लांब कशाला जायचे? आपल्या कोकणात टेनिस चेंडूच्या ‘एक गाव एक संघ’ स्पर्धा होतात. तिथे नाणेफेकीपूर्वी खेळाडूंची आधार कार्डे पाहिली जातात. बाहेरून तगडे खेळाडू आणून बक्षीस पळवायला परवानगी दिली, तर गावातल्या पोरांनी नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का? नियमामागचा विचार इतका साधा आहे.

मुंबईत डॉ. एच. डी. कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओलसर खेळपट्टी, गुडघाभर गवत आणि रविवारची सकाळ यांतून मुंबईचे कितीतरी फलंदाज घडले. अशा लीगमध्ये क्लब मोसमाआधी खेळाडूंची यादी देतो आणि त्या यादीबाहेरचा खेळाडू उतरवला, तर प्रतिस्पर्धी संघ तक्रार करू शकतो. सामना मैदानावर जिंकूनही गुण गमावण्याची पाळी येते. खालच्या गटात घसरण्याची भीती असलेल्या क्लबाला शेवटच्या दोन सामन्यांपुरता एखादा नावाजलेला फलंदाज उसना आणण्याचा मोह होणारच. तो मोह आवरण्यासाठी ही यादी असते.

म्हणून मुलाचे नाव एका क्लबाकडे दिल्यावर, ‘तिकडे जास्त संधी आहे’ म्हणून मोसमाच्या मध्येच दुसऱ्या क्लबाचा अर्ज भरू नये. अर्जावर सही करण्याआधी क्लब बदलण्याची मुदत कधी असते आणि आधीच्या क्लबाचे पत्र लागते का, हे चिटणिसांना विचारून घ्यावे.

राज्य एक, संघटना तीन

महाराष्ट्रातल्या पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ पत्त्याच्या रकान्यात होतो. राज्य एकच असले, तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याचे तीन भाग आहेत. मुंबई क्रिकेट संघटनेत मुंबई आणि ठाणे, पालघर हा पट्टा येतो. नागपूरची विदर्भ क्रिकेट संघटना विदर्भातल्या जिल्ह्यांचा कारभार पाहते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर यांसारखे उरलेले बहुतेक जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे आहेत. गोव्याची संघटना अर्थातच वेगळी. म्हणून पालघरचा शार्दुल ठाकूर मुंबईकडून खेळतो, आणि नाशिकच्या मुलाची वाट पुण्याकडे जाते.

मग दुसऱ्या ठिकाणी जायचेच नाही का? जरूर जावे, पण सरळ रस्त्याने. शिक्षण, नोकरी किंवा खरे वास्तव्य यांमुळे खेळाडू बदलीच्या ठिकाणी पात्र ठरू शकतो, आणि आधीच्या संघटनेचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ घेऊन दुसरीकडे खेळता येते. वसीम जाफर वर्षानुवर्षे मुंबईकडून खेळला, नंतर रीतसर विदर्भात गेला आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशा लागोपाठ दोन रणजी विजेतेपदांत विदर्भाचा सहकारी ठरला. यशस्वी जयस्वाल लहानपणी उत्तर प्रदेशातून मुंबईत आला, इथेच वाढला आणि मुंबईचा झाला. २०२५ मध्ये त्याने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबईकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले. ते मिळाल्यावर त्याचा विचार बदलला, तेव्हा त्याला ते मागे घेण्यासाठी पुन्हा मुंबई संघटनेलाच लिहावे लागले. कसोटी खेळलेल्या फलंदाजालाही हा कागद चुकत नाही. मग मामाच्या घरचे वीजबिल जोडून आपल्या मुलाला ‘तिथला’ करणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने खोट्या रहिवासासाठी दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा जाहीर केली, आणि त्यात माफीची सवलत ठेवली नाही.

एक जूनची मुले

आता सर्वांत नाजूक रकाना, जन्मतारखेचा.

आपल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे जरा आठवून पाहा. जन्माची नोंद नसायची, शाळेत नाव घालायला नेल्यावर गुरुजी मुलाकडे बघून अंदाजाने वर्ष ठरवायचे आणि शाळा सुरू होण्याच्या सुमाराची १ जून ही तारीख लिहून टाकायचे. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पण त्यातूनच एक समजूत घट्ट झाली, की जन्मतारीख ही आपल्या सोयीने ठरवायची गोष्ट आहे. क्रिकेटमधल्या वयचोरीचे मूळ बरेचसे या समजुतीत आहे.

नियामक मंडळाच्या वयोगट स्पर्धांत वय मोजण्याची तारीख साधारणपणे १ सप्टेंबर असते. ३१ ऑगस्टला जन्मलेला मुलगा आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला जन्मलेला मुलगा यांच्यात एका रात्रीचे अंतर असते, पण दुसऱ्याला त्या वयोगटात एक वर्ष जास्त मिळते. बारा-पंधरा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे चार बोटे उंची, चेंडूचा वेग आणि षटकार मारायची ताकद. मोह इथेच होतो.

तो रोखण्यासाठी मंडळाने २०१२ पासून हाडांच्या वयाची चाचणी आणली. तिला ‘टीडब्ल्यू-३’ म्हणतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर आणि त्यांचे सहकारी व्हाइटहाऊस यांच्या नावाची ही पद्धत. डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चा असते, वाढ होते तशी तिथे हाड धरते आणि शेवटी फटी बुजतात. प्रत्येक हाडाची अवस्था पाहून गुण देतात आणि त्यावरून हाडांचे वय काढतात. १६ वर्षांखालील मुलांच्या आणि १५ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांत ही चाचणी महत्त्वाची ठरते.

ही चाचणी म्हणजे पंचांग नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. डॉक्टरांनी ती मुलांची वाढ नीट होते आहे का, हे पाहण्यासाठी तयार केली. काही मुले लवकर वयात येतात, काही उशिरा. त्यांची हाडेही तशी पुढेमागे असतात. त्यामुळे कधी प्रामाणिक मुलाचाही आकडा जास्त येऊ शकतो. अशा वेळी मुलाला ‘तू खोटा ठरलास’ असे कुणी म्हणत असेल, तर पालकांनी त्याच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहावे. आणि उभे राहायचे, तर हातात जन्माची वेळेवर केलेली नोंद हवी.

नुकसान कोणाचे?

‘‘वय लपवले तर कुणाचे काय बिघडले?’’ असे विचारणाऱ्यांसाठी राहुल द्रविड यांचे उत्तर मोलाचे आहे. १ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यानात त्यांनी वयचोरीला विषारी म्हटले आणि तिची तुलना सामनानिश्चितीसारख्या भ्रष्टाचाराशी केली. वय लपवलेला मुलगा चमकतो तो मोठा आणि बलवान असतो म्हणून, जास्त गुणी असतो म्हणून नव्हे, आणि त्याच्यामुळे प्रामाणिक मुलाची जागा जाते, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय पालक आणि प्रशिक्षकच खोटे लिहायला शिकवतात, तेव्हा मूल पुढे काय शिकेल?

याच्या उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबाकडून कांगा लीगमध्ये उतरला, तो बाप्यांविरुद्ध. पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने त्याला संघात घेतले, तेव्हा एवढ्या लहान मुलाला ड्रेसिंग रूममध्ये येऊ देण्यासाठी क्लबाला आपला नियम बदलावा लागला. पंधराव्या वर्षी तो रणजी खेळला. गुणी मुलगा नेहमी आपल्याहून मोठ्यांत खेळायला धडपडतो, कारण तिथे चेंडू वेगाने येतो आणि तंत्र सुधारते. वय लपवलेला मुलगा लहानांत खेळतो. तिथे धावा ढीगभर होतात, पण हाताला वळण लागत नाही. वयोगट संपले, की सगळे एकाच गटात येतात, उंचीचा फायदा संपतो आणि घरचे लोक म्हणतात, ‘‘आमचा मुलगा एवढा चांगला खेळायचा, अचानक काय झाले कळत नाही.’’

२०२० च्या ऑगस्टमध्ये मंडळाने एक चांगली संधी दिली होती. ज्यांनी १५ सप्टेंबरपर्यंत खरी जन्मतारीख स्वतःहून कळवली, त्यांना शिक्षा न करता योग्य वयोगटात खेळू देण्याचे ठरले. जे लपवून राहतील आणि सापडतील, त्यांना दोन वर्षांची बंदी आणि त्यानंतरही वयोगट स्पर्धांचे दार बंद. सोळाव्या वर्षी दोन मोसम घरी बसणे म्हणजे काय, हे त्या मुलालाच विचारावे. अर्ज भरला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, हे मात्र कुणी ध्यानात घेत नाही.

पालकांनी काय करावे?

पहिली गोष्ट क्रिकेटच्या कितीतरी आधी करायची आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. वर्ष उलटून गेले, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवावा लागतो. बाळाचे नाव ठरले नसेल, तर बिनानावाची नोंद करून नाव नंतर घालता येते. बारशाची वाट पाहू नका. उशिरा केलेल्या नोंदीकडे क्रिकेटमध्ये संशयाने पाहतात. जन्मानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने नोंद झाली असेल, तर १९ वर्षांखालील गटात खेळण्याच्या वर्षांवर मर्यादा येईल, असे मंडळाने २०२० मध्येच सांगितले होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाणार आहे.

दुसरी गोष्ट. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड समोर ठेवून नाव व तारीख अक्षरशः ताडून पाहा. एकीकडे वडिलांचे नाव आणि दुसरीकडे नुसते आद्याक्षर असेल, तर दुरुस्ती आजच करून घ्या. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी तहसील कचेरी उघडत नाही.

तिसरी गोष्ट. अर्ज कोरा ठेवून त्यावर सही देऊ नका. ‘‘बाकी आम्ही भरतो,’’ असे कुणी कितीही प्रेमाने म्हटले, तरी रकाने स्वतः भरा आणि प्रत घरी ठेवा.

आणि शेवटची. अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा. जन्मतारीख त्याच्याच हातून लिहून घ्या. यंदा निवड झाली नाही, तर तो चार दिवस रुसेल, पुन्हा नेटला जाईल. पण मैदानावर कुणी त्याचे वय विचारले, तर आईकडे न बघता उत्तर देता येईल.