कास्ताफिओरबाईंचे राहून गेलेले गाणे

चित्रकथेच्या पुस्तकाला आवाज नसतो. तोफ उडाली की मोठ्या अक्षरांत ‘धडाड’ लिहायचे, कोणी गाऊ लागले की हवेत चार स्वरचिन्हे तरंगताना काढायची. बाकीचे वाचकाने आपल्या कानाने भरून घ्यावे. म्हणून आवडत्या चित्रकथेवर चित्रपट निघतो आहे अशी बातमी आली, की वाचकांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. नायक तसाच दिसेल का, ही पहिली. आणि ऐकू काय येईल, ही दुसरी. पहिलीचे उत्तर निदान पुस्तकातील चित्रांशी ताडून पाहता येते. दुसरीला बहुधा असा काही आधार नसतो.

परंतु एका बाईंच्या बाबतीत तो आहे. तँतँच्या चित्रकथांतील गायिका बियांका कास्ताफिओर कोणते गाणे गाते, हे पुस्तकातच छापलेले आहे. त्यामुळे २०११ साली तँतँचा मोठा चित्रपट आला तेव्हा जुन्या वाचकांची अपेक्षा अगदी नेमकी होती. ती पुरी झाली का, हे सांगण्यासाठीच हा लेख. उत्तर थोडे वाकडे आहे.

तँतँची ओळख करून देण्याचे कारण नाही, तरी नव्या पिढीसाठी दोन शब्द. एर्जे या टोपणनावाने चित्रे काढणारे जॉर्ज रेमी हे बेल्जियमचे चित्रकार. त्यांचा हा तरुण बातमीदार १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीत प्रथम अवतरला. संगतीला एक पांढरा कुत्रा. आपल्याकडची जी मुले ही पुस्तके फ्रेंचमधून वाचतात त्यांचा तो मिलू. इंग्रजीतून वाचणाऱ्यांचा स्नोई. पुढे तोंडाळ आणि पिण्याचा शौकीन कॅप्टन हॅडॉक आला, सारखे दिसणारे दोन गुप्तहेर आले, बहिरे प्राध्यापक आले. या सगळ्या पुरुषांच्या मेळ्यात ठसठशीत अशी स्त्री एकच, आणि ती म्हणजे कास्ताफिओरबाई. मिलानच्या स्काला नाट्यगृहाची बुलबुल अशी त्यांची ख्याती.

बाई प्रथम भेटतात त्या १९३८-३९ मध्ये क्रमशः आलेल्या ओतोकार राजाच्या राजदंडाच्या कथेत. तँतँला वाटेत त्यांच्या मोटारीत जागा मिळते आणि बाई लगेच गाऊन दाखवू लागतात. मोटारीच्या काचा मजबूत आहेत हे नशीब, असे तँतँच्या मनात येते. थोड्याच वेळात काहीतरी सबब सांगून तो खाली उतरतो आणि उरलेली वाट पायी धरतो! पुढे सात स्फटिकगोलांच्या कथेत कॅप्टन हॅडॉक त्यांना नाट्यगृहात ऐकतो, तेव्हा त्याला आपल्या जहाजावर कोसळलेल्या एका चक्रीवादळाची आठवण होते. आपल्या बेटावर ही उपमा कोणाला समजावून सांगावी लागणार नाही.

आता ते गाणे. फ्रेंच संगीतकार शार्ल गूनो यांचा ‘फाउस्ट’ हा ऑपेरा १८५९ साली पॅरिसच्या रंगभूमीवर आला. म्हातारा पंडित फाउस्ट सैतानाशी करार करून तारुण्य मिळवतो आणि मार्गरीत नावाच्या साध्यासुध्या मुलीच्या मागे लागतो. सैतान तिच्या दाराशी दागिन्यांची पेटी ठेवतो. मुलगी ते दागिने अंगावर घालते, आरशात पाहते आणि स्वतःलाच ओळखत नाही. आपण कोणी राजकन्या झालो असे तिला वाटते. त्या क्षणी ती जे गाते ते ‘दागिन्यांचे गाणे’ म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. गाणे भोळ्या पोरीचे, पण त्याच दागिन्यांनी तिचा घात सुरू होतो.

एर्जेंनी हे भोळ्या पोरीचे गाणे कोणाच्या तोंडी घातले? धिप्पाड, दागिन्यांनी मढलेल्या, आरशावर आणि स्वतःवर बेहद्द खूश असलेल्या बाईंच्या. विनोद तिथे आहे. आवाज मोठा आहे ही वरवरची गंमत. स्वतःच्या रूपावर भाळलेली बाई जन्मभर आरशापुढचे एकच गाणे गात हिंडते, ही खरी गंमत. गूनोचा ऑपेरा ज्यांच्या कानावरून गेला होता त्या वाचकांना ती तेव्हाच कळली असेल. बाकीच्यांना शब्दांवरून कळते, कारण एर्जे गाण्याचे पहिले शब्द छापायला विसरत नाहीत.

एर्जेंना स्वतःला ऑपेराची गोडी नव्हती असे सांगतात. असेलही. पण निवड करताना त्यांनी हयगय केली नाही. प्राध्यापक तूर्नसोलच्या अपहरणाच्या कथेत तँतँ आणि कॅप्टन पोलिसांना चुकवण्यासाठी नाट्यगृहात शिरतात, तेव्हा रंगमंचावर ‘फाउस्ट’च चालू असते. आणि १९६३ च्या ‘कास्ताफिओरचे दागिने’ या पुस्तकात तर संगीतानेच कोडे सुटते. बाईंचा पाचू हरवतो, संशय कोणाकोणावर जातो, अगदी गावाबाहेर उतरलेल्या जिप्सी लोकांवरही. शेवटी बाईंनी रॉसिनीच्या ‘चोरटी मॅग्पाय’ या ऑपेरात बाजी मारल्याची बातमी तँतँ वाचतो, आणि चोर म्हणजे झाडावरचा पक्षी हे त्याच्या ध्यानात येते. बाईंचा साथीदार वॅग्नर तिकडे टेपवर पियानोचे पलटे लावून स्वतः पैज लावायला पसार होत असतो, ते निराळेच. जो चित्रकार इतका बारकावा सांभाळतो, त्याने दिलेले गाणे कसेही बदलण्याजोगे आहे असे वाचकांना वाटत नाही, यात त्यांचा काय दोष?

आपल्या मंडळींना ही भावना परकी नाही. ‘सौभद्र’ पाहायला गेलेला प्रेक्षक कथा कळावी म्हणून जात नसे. ठराविक पदाची वाट पाहत बसे आणि ते रंगले की ‘वन्स मोअर’ देई. त्या जागी दुसरे पद आले, ते कितीही गोड असले, तरी नाट्यगृहात चुळबुळ व्हायचीच. गणपतीपुढे झाकरीत ओळखीची चाल बदलली तर आपल्या म्हाताऱ्या मंडळींच्या भुवया कशा वर जातात, ते तर आपण पाहतोच.

असो. चित्रपटाकडे वळू. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९८१ चा इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट पाहून एका फ्रेंच समीक्षकाने त्याची तँतँशी तुलना केली. त्यावरून स्पीलबर्ग यांनी ही पुस्तके मिळवली. एर्जेंशी त्यांचे बोलणे झाले, भेट मात्र व्हायची राहिली. मार्च १९८३ मध्ये एर्जे वारले. चित्रपट पडद्यावर यायला पुढे अठ्ठावीस वर्षे लागली. २२ ऑक्टोबर २०११ रोजी ब्रुसेल्समध्ये त्याचा पहिला खेळ झाला. निर्मितीत पीटर जॅक्सन होते, नटांच्या हालचाली टिपून संगणकावर सगळी पात्रे उभी केली होती, आणि संगीत जॉन विल्यम्स यांचे होते.

हे शेवटचे नाव वाचून अनेकांना आनंद झाला, पण थोडी धास्तीही वाटणे साहजिक होते. विल्यम्स म्हणजे १९७८ च्या ‘सुपरमॅन’चे संगीतकार, इंडियाना जोन्सच्या गाजलेल्या कूचगीताचेही. तँतँच्या सडपातळ खांद्यांवर ते पितळी रणवाद्यांचे ओझे घालणार की काय? तसे झाले नाही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीला त्यांनी जुन्या युरोपी जॅझच्या ढंगाची नटखट धून दिली, तिच्यात हार्पसिकॉर्डची किणकिण घातली. मिलूच्या धावपळीला पियानोची चपळ बोटे दिली, दोघा गुप्तहेरांना जड, अडखळणारी वाद्ये. जहाजावरच्या लढाईत मात्र पूर्ण वाद्यवृंद सुटतो, आणि तिथे तो शोभतो. विल्यम्स यांचे संपूर्ण सचेतपटाला दिलेले हे पहिलेच संगीत. २०१२ च्या ऑस्करसाठी त्याची शिफारस झाली. पारितोषिक ‘द आर्टिस्ट’ला गेले. माझ्या मते पुस्तकातील रेषेची स्वच्छता या वाद्यसंगीतात उतरली आहे. ज्यांच्या कानात १९९१ च्या दूरचित्रवाणी मालिकेची धून बसलेली आहे, त्यांना ती इथे हवी होती. पण ती धून मालिकेची, एर्जेंची नव्हे. तिच्यासाठी हट्ट धरता येत नाही.

कास्ताफिओरबाईंचे मात्र वेगळे. चित्रपट तीन पुस्तकांवर बेतला आहे: सोनेरी नांग्यांचा खेकडा, युनिकॉर्नचे गुपित आणि लाल रॅकहॅमचा खजिना. या तिन्हींत बाई कुठेच नाहीत. तरीही चित्रपटकारांनी त्यांना आवर्जून बोलावले. मोरोक्कोमधील एका शेखच्या महालात त्यांची मैफल ठेवली. शेखकडे युनिकॉर्न जहाजाची प्रतिकृती बंदुकीची गोळीही न भेदणाऱ्या काचेत ठेवलेली आहे आणि खलनायकाला ती काच फोडायची आहे. त्यासाठी त्याने आणलेले हत्यार म्हणजे बाईंचा गळा! राजदंडाच्या कथेतील मोटारीच्या त्या मजबूत काचांची आठवण ज्यांना आहे, त्यांना इथे हसू आवरत नाही. सत्तर वर्षांपूर्वी वाचलेली काच अखेर फुटली.

आणि बाई गातात काय? आधी रॉसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’मधील वाद्यांचे सूर वाजतात, आणि मग बाई गूनोचेच गाणे उचलतात. पण ते ‘फाउस्ट’मधले नव्हे, त्याच गूनोच्या १८६७ च्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधले, ज्युलिएट नाचाच्या मेजवानीत गाते ते. शेजारच्या घरी जाऊन पाहुणा चुकीच्या दाराशी उभा राहावा तसे झाले.

आवाज अमेरिकेच्या नामांकित गायिका रेने फ्लेमिंग यांचा आहे. तो इतका सुरेल आहे की कॅप्टन हॅडॉक कान का झाकतो असा प्रश्न पडावा. काहींनी यालाच नाव ठेवले. बाईंचा आवाज कर्कश हवा, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. पुस्तकांत बाई कुठेही बेसूर नाहीत. सारे जग त्यांच्यावर पुष्पवर्षाव करते. त्रास होतो तो कॅप्टनला आणि मिलूला. म्हणजे आवाज उत्तमच हवा, आणि तो ज्याला सोसत नाही त्याची फजिती दिसायला हवी. गळ्याची निवड बरोबर झाली, गाण्याची चुकली.

कोणी म्हणेल, काच फोडायला कोणतेही उंच सुरांचे गाणे चालले असते, आणि आजच्या किती प्रेक्षकांना ‘फाउस्ट’ आणि ‘रोमिओ’ यांतला फरक कळतो? दोन्ही गोष्टी खऱ्या. परंतु ज्युलिएटचे गाणे तारुण्याच्या धुंदीचे आहे. त्यात ना दागिने, ना आरसा. ते बाईंच्या तोंडी आले की बाई कोणीही मोठ्या गायिका होतात, कास्ताफिओर राहत नाहीत. खर्चाची किंवा हक्काचीही अडचण दिसत नाही. गूनो १८९३ साली वारले. दोन्ही गाणी सर्वांना मोकळी आहेत.

तँतँच्या चित्रपटांत संगीताचे स्वातंत्र्य यापूर्वीही घेतले गेले आहे. १९६९ च्या ‘सूर्यमंदिर’ या सचेतपटासाठी बेल्जियमचेच थोर गीतकार-गायक जाक ब्रेल यांनी दोन गाणी लिहिली. पुस्तकात ती नाहीत. तरी रिकाम्या जागेत भर घालणे वेगळे आणि भरलेली जागा बदलणे वेगळे, असे मला वाटते.

दुसरा भाग पीटर जॅक्सन दिग्दर्शित करणार असे ठरले होते. तो अद्याप पडद्यावर आलेला नाही, आणि रसिक अजून आशा धरून आहेत. त्या भागासाठी आरंभी ज्या कथेची चर्चा होती ती सात स्फटिकगोलांची आणि सूर्यमंदिराची. तिच्यात कास्ताफिओरबाईंना बाहेरून बोलावून आणण्याची गरज नाही. तिथे नाट्यगृह आहे, रंगमंचावर बाई आहेत, ओठांवर ‘फाउस्ट’ आहे, आणि प्रेक्षकांत चक्रीवादळ आठवणारा कॅप्टन हॅडॉक आधीच बसलेला आहे.