कुरवांचा फराळ आणि चिखलाचा हिशेब

आश्विनातले ऊन तापू लागले की मुंबईकर ‘ऑक्टोबरचा उन्हाळा’ म्हणून त्याला नावे ठेवतो आणि दिवाळीच्या सुटीची वाट पाहू लागतो. याच सुमारास मुंबई बंदरात दूरदेशीचे काही पाहुणे उतरू लागतात. कार्तिकात गेटवेहून घारापुरीला निघालेली लाँच धक्का सोडून थोडी पुढे जाते न जाते तोच पांढऱ्या पंखांचा एक थवा तिच्या मागे लागतो. प्रवासी त्यांना ‘सीगल’ म्हणतात. मराठीत त्यांचे नाव कुरव. तासाभराच्या त्या प्रवासात कुरवांपुढे गाठ्या नि वेफर्स उधळणे हा सहलीचा ठरीव कार्यक्रम होऊन बसला आहे.

या करमणुकीला नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या शहरात नोकरदार माणसाला मान वर करून आकाश पाहण्याची सवड नाही, तेथे कोणी पोरांना बोट दाखवून पक्षी दाखवितो, हेही थोडे नव्हे. परंतु ज्याला आपण तळलेला, खारवलेला फराळ घालतो तो पाहुणा कोण, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. तेथील पाणी गोठण्यापूर्वी तो दक्षिणेची वाट धरतो. गंमत अशी की, आपल्याकडे हिवाळा काढताना त्याचे डोके पांढरेच असते. कानामागे एक काळसर ठिपका काय तो उरतो. परतीचे दिवस जवळ आले की डोक्यावर पुन्हा तपकिरी रंग चढतो. त्याचे नाव सार्थ होते आणि तो निघून जातो.

कुरव निदान लाँचजवळ येतो. बाकीचे पाहुणे येत नाहीत; त्यांच्यासाठी ओहोटीची वेळ साधावी लागते. तिची वेळ काढण्याचा कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा तास मिळतो. षष्ठीला साडेचारच्या सुमारास भरती, म्हणून साडेदहाच्या सुमारास ओहोटी. त्या वेळी घारापुरीच्या धक्क्याजवळ किंवा पलीकडे उरणच्या किनाऱ्यावर उभे राहावे. पाणी हटलेल्या चिखलावर चिखल्या, तुतवार, टिलवे यांची धावपळ चाललेली दिसते. तिवरांच्या कडेला समुद्र बगळा तपस्व्यासारखा उभा असतो. काही तुतवारांची घरटी थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाला असतात. एवढ्या प्रवासाचा खर्च हे मूठभर वजनाचे जीव भरून काढतात ते या चिखलातल्या किड्यांवर नि शिंपल्यांवर. आपल्या वेफर्सवर नव्हे.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. वेफर्सच्या पुडीला किंमत आहे, लाँचच्या तिकिटाला किंमत आहे; चिखलाला नाही. ज्याला बाजारात किंमत नाही त्याची किंमत शून्य, असा समज आपल्या नियोजनाच्या अंगवळणी पडला आहे. सरकारी दप्तरात अशी जमीन बहुधा ‘पडीक’ ठरते. वस्तुतः त्याच चिखलावर आणि तिवरांत कोळंबी, खेकडे, निवट्या वाढतात. म्हणजे पक्ष्याचे ताट आणि कोळ्याची चूल एकाच कोठारावर चालतात. भराव घातला की नफा एका खात्यावर जमा होतो. तोटा दुसऱ्याच कोणाच्या माथी जातो आणि तो कोठेही लिहिला जात नाही. बाह्य परिणाम म्हणून आम्ही वर्गात जे शिकवितो त्याचे इतके ठसठशीत उदाहरण पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडते.

हे बंदरांविरुद्धचे किंवा पुलांविरुद्धचे भाषण नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, शिवडीहून निघणारा सागरी सेतू २०२४ मध्ये खुला झाला. त्यांनी रोजगार दिला, वेळ वाचविला. हे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शिवाय शासनाचे सारेच वर्तन उदासीन आहे असेही नाही. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. पण त्याच बंदराच्या दुसऱ्या अंगाला, उरणजवळच्या पाणजे येथे, भरतीचे पाणी अडविले जात असल्याची तक्रार पर्यावरणप्रेमी मंडळी वर्षानुवर्षे करीत आहेत. पक्ष्याला हद्दीचा नकाशा कळत नाही. भरतीच्या वेळी खाडीतला चिखल बुडाला की त्याला विसाव्यासाठी कोरडी, निवांत जागा लागते. ती नष्ट झाली तर अभयारण्याची पाटी कितीही मोठी असो, जेवणघर राखून निजघर मोडल्यासारखेच ते होईल.

भारतीय पक्ष्यांचा परिचय सामान्य वाचकाला करून देणारे सलीम अली मुंबईतच जन्मले. त्यांचे पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले, आणि ज्या संस्थेत ते वाढले ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच शहरात १८८३ पासून उभी आहे. असा वारसा असलेल्या शहरात लाँचवर या पाहुण्यांची नावे सांगणारा एक साधा मराठी फलक असू नये काय? महाविद्यालयांनी वर्षातून एकदा, तिथी पाहून, विद्यार्थ्यांना ओहोटीचा किनारा दाखवावा. आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या जमाखर्चात चिखलाला ‘पडीक’ न म्हणता भांडवलाच्या बाजूला लिहावे. भांडवल खाऊन संसार चालविणाऱ्याला आपल्याकडे शहाणा म्हणत नाहीत.

यंदा घारापुरीला जाल तेव्हा वेफर्सची पुडी पिशवीतच राहू द्या. कुरव उपाशी राहणार नाही. त्याची पंगत खाली, ओहोटीच्या चिखलावर मांडलेली आहे. ती तेवढी आपण उधळून लावू नये.