कॉल टाइम सकाळी सातचा

जुलै १९३९. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी एक नटी उपोषणाला बसली. शांता आपटे तिचं नाव. दोनच वर्षांपूर्वी 'कुंकू'मध्ये बापाच्या वयाच्या नवऱ्याला नवरा मानायला नकार देणारी नीरा तिनं उभी केली होती. घराघरांत तिची गाणी पोचली होती. ती आता ज्या कंपनीनं तिला नाव दिलं तिच्याच दारात बसली होती, आणि भांडण होतं पगाराचं आणि कराराचं. पडद्यावरची नीरा रस्त्यावर उतरली, असंच त्या वेळी अनेकांना वाटलं असेल. शांताबाईंचं म्हणणं त्याहून साधं होतं: मी इथे काम करते, त्या कामाचा हिशेब द्या.

पुढच्याच वर्षी त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक आलं. सिनेमाचं वेड लागलेल्या तरुण मुलामुलींना त्यांनी या धंद्याची आतली बाजू सांगितली. नटाच्या शरीराचं, आवाजाचं, उमेदीचं काय होतं, पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, हे एका आघाडीच्या नटीनं मराठीत १९४० साली लिहून ठेवलं आहे. या पुस्तकाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी आपल्याकडे झालेली नाही. प्रभातच्या त्याच जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि अभिनेता होण्याची इच्छा घेऊन आलेली मुलं त्याच आवारात शिकतात.

प्रभातच्या काळात नट हा कंपनीचा नोकर. महिन्याचा पगार, कंपनीचे नियम, कंपनीचं वेळापत्रक. चाळीसच्या दशकात स्टुडिओंची ती व्यवस्था मोडत गेली आणि नट मोकळा झाला. बड्या ताऱ्यांची किंमत त्यामुळे वाढली. बाकीच्यांचा मात्र करार सुटला तसा एक तारखेचा पगारही सुटला. आजचा मालिका-सिनेमातला कलाकार त्या 'बाकीच्यां'चा वारसदार आहे. त्याचा चेहरा ओळखीचा असतो आणि नाव पटकन आठवत नाही. 'अहो, तुम्ही त्या मालिकेत काका झाला होता ना?' असं लोकलमध्ये विचारलं जातं, तो हा माणूस.

त्याचा दिवस आदल्या रात्री ठरतो. नऊ-दहाच्या सुमाराला मोबाइलवर निरोप येतो: उद्या कॉल टाइम सातचा. सेट ठाण्याला घोडबंदर रोडवर असेल, मढला असेल, नाहीतर गोरेगावच्या चित्रनगरीत. डोंबिवलीत राहणाऱ्यानं सातला मढ गाठायचं म्हणजे अंधार असताना घर सोडायचं. पोचल्यावर नाश्ता, मग मेकअपदादांच्या खुर्चीत. बायकांना केस, साडी, दागिने धरून आणखी तास-दीड तास. तोवर सीनचे कागद हातात पडतात. कधी कालचे, कधी अजून छपाईची ऊब असलेले. रोज अर्ध्या तासाचा भाग दाखवायचा, म्हणजे जाहिराती वगळून वीसेक मिनिटांचं काम दररोज संपवायला हवं. म्हणून पाठांतराला वेगळा वेळ मिळत नाही. ते चहाच्या कपाबरोबर होतं.

आणि मग वाट बघणं. प्रकाशयोजना बदलते, कॅमेऱ्याची जागा बदलते, शेजारच्या बांधकामावर ड्रिल सुरू होतं, दुसऱ्या मालिकेतून येणारा सहकलाकार वाहतुकीत अडकतो. देव्हाऱ्यासमोरच्या सीनमध्ये मागच्या ओळीत उभ्या असलेल्या काकूंना एकही वाक्य नसतं, तरी कंटिन्युटीसाठी त्यांना तीच साडी नेसून, तोच गजरा माळून दिवसभर थांबावं लागतं. शिफ्ट बारा तासांची, आणि ती लांबणं नित्याचं. क्लोजअपची वेळ कधी रात्री नवाला येते. सकाळी सातला लावलेला चेहरा तेव्हा ताजा दिसला पाहिजे आणि डोळ्यांत पाणीही वेळेवर यायला हवं. अभिनयाचं कौतुक करताना या चिवटपणाबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण पंधरा-वीस वर्षं टिकलेल्या कलाकारांत तो हटकून सापडतो.

मालिका दीर्घकाळ चालली तर हा माणूस सुखी. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. एवढ्या काळात एखाद्या घरातलं मूल पहिलीतून बारावीपर्यंत जातं. पण असं भाग्य क्वचित. दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि त्यांवर ट्रॅक, म्हणजे कथेतले धागे, ठरतात. काकांचा ट्रॅक चालला नाही तर काका एका एपिसोडमध्ये तीर्थयात्रेला जातात आणि परत येतच नाहीत. कथेनं एकदम काही वर्षांची उडी घेतली की निम्मे चेहरे बदलतात. काम गेल्याचं कलाकाराला बहुतेकदा असं कळतं की पुढच्या महिन्यासाठी कोणी तारखाच मागत नाही.

पैशाची रीतही अशी की घर चालवणाऱ्याची झोप उडावी. मानधन बहुधा दिवसावर ठरतं आणि हातात पडतं नव्वद दिवसांनी. गुढीपाडव्याला केलेल्या कामाचे पैसे आषाढी एकादशीच्या आसपास येणार. घरभाडं, मुलांची फी, गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला. काम संपल्यानंतर तीन महिने जुने पैसे येत राहतात, म्हणून घरी बसल्याची झळ उशिरा लागते. आणि नवं काम मिळालं तरी पहिला चेक येईपर्यंत पुन्हा तीन महिने काढायचे. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सिंटा, १९५८ पासून कलाकारांची बाजू मांडत आली आहे. थकलेलं मानधन आणि कामाचे तास हेच तिच्यापुढचे कायमचे विषय.

या खडकाळ जमिनीत मराठी कलाकारानं आपली अशी एक वाट काढली. नाटकाची 'नाइट', म्हणजे प्रयोगामागचं मानधन, ठरलेली; प्रयोग झाला की पाकीट हातात. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार मालिका आणि शनिवार-रविवार प्रयोग असं गणित बसवणारे कलाकार आजही आहेत. दहीहंडी आणि नवरात्रात हजेरी लावण्याच्या 'सुपाऱ्या' मिळतात. डबिंग असतं, निवेदन असतं. आणि या सगळ्याच्या आधीच्या पिढीकडे होती नोकरी, नाहीतर दुसरा व्यवसाय. अशोक सराफ लोकांना हसवू लागले तेव्हा ते स्टेट बँकेत नोकरी करत होते आणि पुढेही बरीच वर्षं करत राहिले. मोहन जोशींचा ट्रक वाहतुकीचा व्यवसाय होता, स्वतः ट्रक चालवला त्यांनी. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत. डॉ. श्रीराम लागू तर कान-नाक-घशाचे शल्यविशारद. त्यांनी वैद्यकी सोडून पूर्ण वेळ नट व्हायचं ठरवलं तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. साल १९६९. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'लमाण' आहे, म्हणजे माल लादून इकडून तिकडे नेणारा. एवढ्या मोठ्या नटानं स्वतःसाठी कष्टाचा शब्द निवडला.

आज अशी नोकरी सांभाळून मालिका करणं जवळजवळ अशक्य झालं आहे. महिन्यातले वीस-बावीस दिवस सेटवर जाणाऱ्याला कोणती बँक रजा देईल? म्हणून आजचा विशीतला मुलगा आधारच न घेता उडी मारतो. अंधेरीत वर्सोव्याच्या आराम नगरातल्या जुन्या बैठ्या घरांमधून कास्टिंगची ऑफिसं आहेत. तिथे दारोदार फिरून ऑडिशन द्यायची, किंवा घरच्या भिंतीला पाठ लावून मोबाइलवर स्वतःची सेल्फ टेप करून पाठवायची. नकार सहसा कळवलाच जात नाही. कोल्हापूर, सातारा, सावंतवाडीत मालिकांचं चित्रीकरण होऊ लागल्यापासून एक चांगलं झालं: तिथल्या हौशी रंगभूमीवरच्या कलाकारांना मुंबईत खोली न घेता काम मिळू लागलं. आकेरीतल्या एका वाड्यात 'रात्रीस खेळ चाले' उभी राहिली आणि मालवणी बोली हीच तिथल्या कलाकारांची जमेची बाजू ठरली.

स्त्रीच्या वाट्याला वयाचं वेगळंच गणित येतं. रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेल्या. रिचर्ड अॅटनबरोंच्या 'गांधी'त त्यांनी कस्तुरबा साकारल्या आणि त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळवला. त्यानंतर काय आलं? १९८४ च्या 'सारांश'मध्ये तरुण मुलगा गमावलेली वृद्ध आई. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांची आई झाल्या, आणि अमिताभ त्यांच्यापेक्षा वयानं मोठे. या भूमिका त्यांनी अशा केल्या की दुसरं कोणी डोळ्यांपुढे येत नाही. तरीही प्रश्न उरतोच की तिशीतल्या इतक्या ताकदीच्या अभिनेत्रीला तिच्या वयाची बाई का मिळू नये. सुलोचनाबाई लाटकरांचंही तेच. मराठीत नायिका म्हणून गाजलेल्या या बाई हिंदीनं ओळखल्या त्या आई म्हणून.

आणि शरीर. नटाचं भांडवल तेवढंच. ललिता पवार मूकपटापासूनच्या नायिका. १९४२ च्या सुमाराला 'जंग-ए-आझादी'च्या एका सीनमध्ये अभिनेते भगवानदादांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती इतकी जोरात बसली की चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. तीन वर्षं उपचार चालले. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. त्या परत आल्या त्या खाष्ट सासू, कजाग शेजारीण होऊन, आणि बारीक झालेल्या त्याच डोळ्याला त्यांनी अभिनयाचं हत्यार केलं. 'अनाडी'तल्या मिसेस डिसासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. पुढे 'रामायण'मधली मंथरा. ही जिद्द थक्क करणारी आहे, पण जिद्दीच्या गोष्टीमागे मूळ अपघात झाकला जाऊ नये. कामावर असताना एका कामगार स्त्रीला आयुष्यभराची इजा झाली होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दूरदर्शननं तेच 'रामायण' पुन्हा दाखवलं. खासगी वाहिन्यांनीही जुन्या मालिका काढल्या. १९ मार्चपासून मुंबईत चित्रीकरण बंद होतं. म्हणजे ज्यांचे चेहरे त्या महिन्यांत रोज घराघरांत दिसत होते त्यांतले कित्येक जण स्वतः बिनपगारी घरात बसले होते, आणि या पुनःप्रक्षेपणाचा पैसा कलाकाराच्या हाती यावा अशी रुळलेली पद्धत आपल्याकडे नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला. अभिनेत्यांना व्यवहारात अजून त्याची चव लागलेली नाही. अमेरिकेत हे भांडण १९६० सालीच झालं. तिथल्या नटांच्या संघटनेनं संप केला, तेव्हा अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, आणि चित्रपट टीव्हीवर पुन्हा दाखवला की नटाला वाटा, शिवाय निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधी एवढं पदरात पाडून घेतलं. २०२३ मध्ये तीच संघटना ११८ दिवस संपावर होती. या वेळी ओटीटीवरचा वाटा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली नटाची नक्कल हे मुद्दे होते. महाराष्ट्रात वृद्ध कलावंताला शासनाकडून मानधन मिळतं. २०२४ पासून ते महिना ५,००० रुपये आहे. औषधांपुरतं होतं एखाद्याचं.

त्या २०२० च्या उन्हाळ्याअखेरीस चित्रीकरणाला परवानगी मिळाली ती एका अटीवर: पासष्ट वर्षांपुढच्या कोणीही सेटवर यायचं नाही. काळजी खरी होती. पण मालिकांमधल्या आजी-आजोबांची चूल त्या एका ओळीनं विझली. सत्तरीचा एक कलाकार, चाळीस वर्षं छोट्या भूमिका करत आलेला, मुंबई उच्च न्यायालयात गेला. उत्पन्नाचं दुसरं साधन नाही, असं त्यानं सांगितलं. पासष्टीपुढचा माणूस दिवसभर दुकान उघडून बसू शकतो, मग कलाकारालाच बंदी कशाच्या आधारावर, असं न्यायालयानं सरकारला विचारलं आणि ऑगस्टमध्ये ती अट रद्द केली. शांता आपटेंच्या उपोषणाला तेव्हा एक्क्याऐंशी वर्षं झाली होती.

निकालानंतर ज्येष्ठ कलाकार कामावर परतले. त्यांत आशालता वाबगावकर होत्या. मूळच्या गोव्याच्या, नाटकांबरोबर हिंदी-मराठी चित्रपटांत असंख्य भूमिका केलेल्या. साताऱ्याकडे एका मालिकेचं चित्रीकरण चालू होतं, तिथे युनिटमध्ये करोना शिरला आणि त्यांनाही लागण झाली. २२ सप्टेंबर २०२० ला साताऱ्याच्या रुग्णालयात त्या गेल्या. वय ७९. १९६४ साली 'मत्स्यगंधा' नाटकात सत्यवती झालेल्या आशालताबाईंचं काम त्या मालिकेच्या सेटपर्यंत चालूच होतं.