घंगाळ आणि रुमाल

माझ्या आजीला नगर जिल्ह्यातल्या चारपाच वाड्यांत 'बायबल बाई' म्हणत. ते तिचे नाव नव्हते, काम होते. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत केडगावच्या छापखान्यात छापलेले जाड बायबल, एक लाकडी फणी, खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या धुऊन वाळवलेल्या चिंध्या. बायबलाशेजारी फणी कशाला, हे मला बरीच वर्षे कळले नाही. एकदा सुट्टीत तिच्याबरोबर वस्तीवर गेलो तेव्हा दिसले. एका बाळंतिणीची थोरली पोर दारात बसली होती. आजीने तिला पुढ्यात घेतले, फणीने उवा काढल्या, तेल लावले, वेणी घातली. मग चुलीपुढची राख भरली आणि आम्ही निघालो. बायबल पिशवीतून बाहेर आलेच नाही. वाटेत मी विचारले, "आज वाचलं नाहीस?" ती म्हणाली, "आज तिला फुरसत नव्हती."

ख्रिस्ताच्या नम्रतेचा मराठी ख्रिस्ती जीवनात काय माग लागतो, याचा आढावा लिहा, असे संपादकांनी सुचवले तेव्हा मला पहिली ती फणी आठवली. चाळीस वर्षे मी हेच सांगत आलो आहे. आपल्याकडे या विषयाचा इतिहास प्रवचनांत शोधू नये. पाणी, स्पर्श आणि बोली या तीन ठिकाणी शोधावा.

योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय वाचकांना ठाऊक आहे. जेवण चालू असताना गुरू उठतो, वरची वस्त्रे उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्र बिथरतो. तो का बिथरला हे मराठी माणसाला वेगळे समजवावे लागत नाही. आपल्याकडे पाय धुण्याला दिशा असते. सासरा जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो, दारी आलेल्या पाहुण्याच्या पायावर पाणी घातले जाते. मान वर असतो आणि पाणी त्याच्याकडे चढत जाते. त्या रात्री यरुशलेमेतल्या माडीवर ते उलटे वाहिले. आणि ज्या मुलखात कोणी कोणत्या पाणवठ्यावर घागर बुडवायची हे जन्माबरोबर ठरत होते, तिथे या गोष्टीला धार आली, ती रोमेत किंवा लंडनमध्ये येण्यासारखी नव्हती.

सुरुवात फादर थॉमस स्टीफन्सपासून करायची प्रथा आहे आणि ती मी मोडत नाही. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले, मराठीत, ओवीत, पण रोमन लिपीत. त्याच्या मराठीप्रेमाचे गोडवे शाळेच्या पुस्तकांपासून सगळ्यांनी गायले आहेत. मला त्यात दिसतो तो शिकणारा माणूस. परक्या मुलखात आल्यावर तिथल्या लोकांपुढे विद्यार्थी होऊन बसणे हीही पायाशी बसण्याचीच रीत. मात्र त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन मांडलेले होते, हे विसरून स्टीफन्सला ओवाळणारे लेख मला सहन होत नाहीत. घंगाळ हातात असलेला एक माणूस आणि त्याच्या पाठीशी तलवार घेतलेले राज्य, असे ते चित्र आहे. ते तसेच पाहावे.

पुढची दोनशे वर्षे मी ओलांडतो. केरी या मिशनऱ्याने १८११ साली मराठीत आणलेला नवा करार, १८१३ साली मुंबईला आलेले अमेरिकन मिशनरी हॉल आणि नॉट, १८४२ साली सुरू झालेले 'ज्ञानोदय' नियतकालिक, बाबा पदमनजी, निळकंठशास्त्री गोऱ्हे हे सगळे अभ्यासकांनी पुरेसे चाळले आहे. या काळात वाद फार झाले. वेद खरे की बायबल खरे, यावर दोन्ही बाजूंनी शाई खर्ची पडली आणि वादात जिंकायला निघालेल्याच्या कमरेला रुमाल फारसा दिसत नाही. गॉर्डन हॉल मात्र १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीच्या रोग्यांना औषध वाटता वाटता त्याच रोगाने वाटेत मेला. आणि सिंथिया फरार ही एकटी बाई १८२७ साली आली ती मुलींच्या शाळा चालवत १८६२ साली नगरातच संपली. तिची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी काय घेतले, ते महाराष्ट्र जाणतो.

आता रमाबाई. इथे मला घाई नाही.

पंडिता रमाबाई म्हटले की शारदासदन, बालविधवा, परदेशप्रवास आणि धर्मांतराचे वादळ, एवढ्यावर लेख संपतात. मला त्यांच्या आयुष्यातले दोन दुष्काळ समोरासमोर ठेवावेसे वाटतात. पहिला १८७४ च्या आसपासचा. त्यात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि बहीण गेली. घरात शास्त्र होते, पुराणे मुखोद्गत होती, पण हाताने मजुरी करणे त्या कुळाला शक्य नव्हते. उपाशी राहणे जमले, टोपली उचलणे जमले नाही. हे रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे आणि त्या अभिमानाला अभिमानच म्हटले आहे. दुसरा दुष्काळ १८९६-९७ चा. या वेळी त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे बायकामुली घेऊन आल्या. अंगात उवा, खरूज, पोटात काही नाही, कोणाच्या वाट्याला त्याहून वाईट आलेले. त्यांना ठेवायला दौंडजवळ केडगावला माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, ती बाई या मुलींमध्ये राहिली. शेत, माग, छापखाना सारे मुलींच्या हातांनी चालले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले, आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले गेले.

इथपर्यंत अनेकजण येतात. याच्या पुढचे पाऊल मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पाहिले नाही, आणि त्यासाठी मी आयुष्यभर भांडत आलो आहे. ते म्हणजे रमाबाईंचे बायबल.

मराठी बायबल तेव्हा उपलब्ध होते. पण ते शिकलेल्या माणसाच्या मराठीत होते आणि संस्कृत शब्दांनी जड झालेले होते. केडगावच्या मुलीला, जी चार महिन्यांपूर्वी अक्षर ओळखत नव्हती, ते उमजत नव्हते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि संपूर्ण बायबल पुन्हा मराठीत आणायला घेतले, तेही त्या मुलीला कळेल अशा मराठीत. जिला संस्कृत श्वासासारखे होते तिने संस्कृत बाजूला ठेवले. आधीचे सारे विद्वान भाषा वर चढवत होते. या बाईने ती खाली आणली, आणि तसे करताना मूळ भाषांचे कष्ट टाळले नाहीत. वर्षानुवर्षे हे काम चालले. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. खिळे जुळवणाऱ्या, पाने काढणाऱ्या त्यांच्या मुलीच होत्या.

यावर आक्षेप घेणारे माझे जुने प्रतिस्पर्धी आहेत. ते म्हणतात, ही मराठी सपक आहे, वाक्ये ओबडधोबड आहेत, ग्रंथाला शोभेल असे गांभीर्य नाही. एका संपादकांनी तर या विषयावरचा माझा लेख "भाषांतर वाचनीय नसल्याने विषय गौण" असा शेरा मारून परत पाठवला होता. मी त्यांना एवढेच लिहिले की वाचनीय कोणाला, हे आधी ठरवा. माझी आजी मराठी दुसरीपर्यंत शिकलेली. तिच्या पिशवीतले बायबल तेच होते. ती वाचायची तेव्हा ऐकणाऱ्या बायका मध्येच प्रश्न विचारत, "मग पुढं काय झालं?" शिकलेल्या मराठीत वाचलेल्या अध्यायाला हा प्रश्न मी कधी ऐकला नाही, तिथे लोक माना डोलावत. स्वतःपाशी असलेले मोठे धन दुसऱ्याच्या ताटात मावेल एवढे करून वाढणे, याला मी ख्रिस्तानुकरण म्हणतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला तेव्हा मला आनंद झाला, कारण त्या नावातला 'सुबोध' हा शब्द केडगावच्या वाटेवरचा आहे.

रेव्हरंड टिळकांकडे वळतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पण त्यांच्या कवितेपेक्षा मला त्यांचे १९१७ साल मोठे वाटते. मिशनचा पगार, मान, घर असे सगळे असताना ते सोडून हा पन्नाशी ओलांडलेला माणूस साताऱ्याला गेला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. त्यानंतर दोनच वर्षे ते जगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट मात्र अधिक लांबची आणि म्हणून मला अधिक जवळची. नवरा ख्रिस्ती झाला तरी ही बाई सोवळे सांभाळत राहिली, चूल वेगळी, पाणी वेगळे. ते सोवळे तिच्या मनातून कसे गळले, हे तिने 'स्मृतिचित्रे'त स्वतःचा एकही दोष न झाकता सांगितले. पाण्याची ती लढाई तिने स्वतःच्या घरात लढली. मराठीत इतके निरहंकारी आत्मचरित्र दुसरे नाही, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

मिरजेच्या डॉ. वॉनलेस यांच्या दवाखान्यावर पुस्तके आहेत. १८९४ पासूनच्या त्या कामाबद्दल आदर बाळगून मी एवढेच म्हणतो की सर्जनांची चरित्रे झाली, पण ज्या ख्रिस्ती नर्सबायांनी रात्री बेडपॅन उचलले त्यांची यादीही कोणी केली नाही. एके काळी चांगल्या घरातली मुलगी नर्स होत नसे, कारण परक्याच्या शरीराला हात लावणे कमीपणाचे. तो कमीपणा आमच्या मुलींनी पत्करला आणि नगर-सोलापूरकडच्या किती कुटुंबांची चूल त्यावर पेटली.

जामखेडची गोष्ट माझ्या हयातीतली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली त्या कोरड्या तालुक्यात आले. गावात डॉक्टर नेण्याऐवजी त्यांनी गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या आणि अनेकदा दलित बायकांना आरोग्यसेविका केले. दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. तहान सगळ्यांना होती. ज्यांनी कधी त्या बाजूला पाऊल टाकले नव्हते ते हंडे घेऊन तिथे आले. १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला हे सर्वांना माहीत आहे. पाण्याची दिशा त्यांनी कशी फिरवली, हे मला त्याहून मोठे वाटते.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे, आणि तो घेणाऱ्यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. ते म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या वाकलेल्या माणसांना मिशनऱ्यांनी आणखी वाकायला शिकवले, त्याला नम्रता असे नाव दिले. हे घडले आहे. माझ्या वडिलांना एका बंगल्याच्या व्हरांड्याखालच्या पायरीवर उभे राहून बोलावे लागे आणि रविवारी त्याच बंगल्यातून आलेला उपदेश लीनतेवर असे. पण फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय नीट वाचा. तिथे स्वतःला रिक्त करतो तो भरलेला आहे. देवाच्या बरोबरीला असलेला खाली येतो. ती आज्ञा खुर्चीवरच्यासाठी आहे. पायरीवर उभ्या असलेल्याला 'अजून खाली उतर' म्हणण्याचा अधिकार त्या अध्यायातून कोणालाच मिळत नाही. आणि पाय धुणाऱ्या त्याच ख्रिस्ताने, काही तासांनी प्रमुख याजकासमोर थप्पड बसली तेव्हा, मला का मारलेस म्हणून जाब विचारला. ताठ कण्याचा माणूसच खरा वाकू शकतो. आमच्या मंडळ्यांत हे एकदा तरी ठणकावून सांगितले जायला हवे होते.

आज काय दिसते? 'पाळक' हा मेंढरे राखणाऱ्याचा शब्द. आम्ही त्याला 'साहेब' जोडले आणि पाळकसाहेब केले. चौकात वाढदिवसाचे फलक लागतात, त्यावर हात जोडलेली छायाचित्रे असतात. उपासनेत सत्कार शिरला, शाल आणि श्रीफळ शिरले, आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांची रांग दर वर्षी लांबते. 'सेवक-नेतृत्व' या नावाची शिबिरे हॉटेलांत भरतात. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो, पण त्या पायांना आदल्या रात्रीच साबण लागलेला असतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोममधल्या तुरुंगात गेले आणि बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुसलमान होती. तेव्हा आमच्यातले काही जाणते नाराज झाले. मला तो विधी त्या दिवशी पुन्हा जिवंत झाल्यासारखा वाटला. एका मंडळीत मी सुचवले होते की यंदा सफाई कामगारांचे पाय धुऊ. समितीने ठराव पुढच्या वर्षावर टाकला. त्याला अकरा वर्षे झाली.

बायबल बायका आता उरल्या नाहीत. त्यांना पगार जवळजवळ नव्हता, निवृत्ती नव्हती, अहवालात त्यांचे नाव नसे. नुसता आकडा असे, अमुक स्त्रिया, अमुक भेटी. माझ्या आजीच्या नावाची नोंद मी तीन ठिकाणी शोधली. एका जुन्या वहीत 'वस्तीवरील बाई' एवढेच सापडले. तुमच्या घरात अशी कोणी आजी, मावशी, आत्या होऊन गेली असेल, तर या दिवाळीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. तिचे पूर्ण नाव, गाव आणि ती पिशवीत काय घेऊन जायची, एवढे तरी लिहून घ्या. सांगणारे फार थोडे राहिले आहेत.